गुलाबची फळी

पावसाळ्याचे चार महिने आमच्या ओटीवर एक फळी भिंतीला उभी असायची. सागाची, हातभर रुंद, पाण्याचिखलानं काळी ठिक्कर पडलेली. आई सकाळी देवांच्याही आधी तिला हळदकुंकू लावायची आणि कुणी पाहुणा चुकून तिला टेकून बसला तर हसत हसत, पण नक्की, उठवायची. ही फळी उघाडीची. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध होता आणि बांधात एके ठिकाणी दोन दगडी खांब होते. त्या खांबांमधली मोकळी वाट म्हणजे उघाडी. ओहोटीला ती मोकळी ठेवायची, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढू लागली की खांबांच्या खोबणीत सात फळ्या एकीवर एक सोडायच्या, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. सहा फळ्या तिथल्याच खोपटात पडलेल्या असत. सातवी, तळाची, जिच्याशिवाय बाकीच्या बसतच नाहीत, ती मात्र राखणाऱ्याच्या घरी. ज्याच्या ओटीवर फळी त्याच्या हातात गावाचं पाणी. आमच्याकडे ती पणजोबांपासून होती असं बाबा सांगायचे. त्याच्या आधी कुणाकडे होती ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हेच मला सहन व्हायचं नाही.

मला लहानपणी काहीच सहन व्हायचं नाही. पायाला भिंगरी होती म्हणतात तसली पोर मी. जेवताना उठायची, दळताना उठायची, वर्गात खिडकीकडचा बाक मिळावा म्हणून भांडायची. त्या दिवसांत सगळीकडे काहीतरी चाललेलं होतं आणि ते नेमकं मी नसेन तिथं चाललेलं होतं. डोंगराकडे खाणीत सुरुंग उडायचे आणि मडक्यांवरच्या झाकण्या हलायच्या. तळोज्याच्या कारखान्याचा भोंगा वाजला की माझा मोठा भाऊ, दादा, सायकल काढायचा. गावातला तो पहिला पाळीवाला कामगार, त्यामुळे त्याच्या डब्यालाही मान होता. मोजणीवाले कधीमधी येऊन शेतात खुंट्या मारून जायचे आणि पोरं त्या उपटून चुलीत घालायची. आता इथं शहर येणार, असं सगळे म्हणत. कधी येणार ते कुणी सांगत नसे. मला वाटायचं, यायचं तर ये बाई एकदाचं.

या घालमेलीवर औषध दिलं ते इतिहासाच्या दामले सरांनी. पुण्याहून नवे आले होते, अविवाहित, पांढऱ्या पायजम्याचे. आमच्या चिखलात तो पायजमा पांढरा ठेवण्यात त्यांचा अर्धा जन्म जात असे. त्यांनी आमच्या आठवीच्या वर्गाला सांगितलं की इतिहास फक्त किल्ल्यावर नसतो, तुमच्या गावात किती खुणा आहेत त्या वहीत लिहून आणा. पोरांनी मारुतीचं देऊळ आणि विहीर लिहून वही मिटली. मी दोन महिने गाव पिंजून काढलं. वेशीवरचा वेताळ, गावदेवीच्या मागची गाडलेली पायरी, बांधाच्या प्रत्येक वळणाचं नाव, मिठागराच्या जुन्या कुंड्या, कुणाच्या शेताला 'बाटकीचा' का म्हणतात, सगळं. म्हातारे कंटाळून मला बघितलं की झोपेचं सोंग घ्यायचे. बाबा फक्त एकदा म्हणाले की हे लिहून काय करणार. मी म्हटलं, म्हणजे विसरायला नको. ते म्हणाले, "मी कवा इसरलो?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

त्या वहीत नंबर बारावर खाचेचा दगड होता. उघाडीच्या खाडीकडच्या अंगाला, बांधाच्या पायथ्याशी तो रोवलेला असायचा. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, आणि कडेला बोटभर खोल आडवी खाच. खाचेचं काम गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भरतीचं पाणी खाचेला लागलं की फळ्या सोडायच्या. त्याआधी सोडल्या तर शेतातलं पाणी कोंडतं. त्यानंतर सोडल्या तर बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा उंच झालेलं असतं, ते जोरानं आत घुसतं आणि फळी खोबणीत बसतच नाही. बाबा स्वतः त्या दगडाकडे बघत नसत. ते पाण्याचा रंग बघायचे, खेकडे कुठवर चढलेत ते बघायचे, कानाला वारा लावायचे आणि फळी खांद्यावर घ्यायचे. दगड त्यांच्याशिवायच्या लोकांसाठी होता.

सर दगड बघायला आले ते वैशाखात. बसून त्यांनी हातानं माती उकरली आणि सूर्यचंद्राच्या खाली त्यांना एका अक्षराचं डोकं दिसलं. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी इतकं आनंदलेलं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहार, घमेलं आणि वर्गातली चार दांडगी पोरं घेऊन आम्ही बांधावर. दगड उकरला, आडवा केला, बादल्या ओतून धुतला. खाली चार ओळी होत्या, झिजलेल्या. सरांना त्यातलं एकही अक्षर वाचता आलं नाही. त्यांनी कागद लावून कोळशानं ठसा घेतला, मुंबईला कुणा जाणकाराला पाठवला, आणि त्याचं उत्तर आमच्या हयातीत तरी आलेलं नाही. दगड परत रोवायची वेळ आली तेव्हा मीच म्हटलं की अक्षरं पुन्हा चिखलात जातील. सर म्हणाले, इतिहास गाडायचा नसतो. मग आम्ही खड्ड्यात खाली धोंडे भरले, त्यावर दगड उभा केला आणि माती चोपली. चारही ओळी लख्ख वर राहिल्या. दगड पूर्वीपेक्षा एक वीत उंच उभा होता आणि त्याच्याबरोबर खाचही एक वीत वर गेली होती. आम्ही सहा जण होतो, त्यांतले पाच जण बांधावर जन्मलेले, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. बाबा संध्याकाळी येऊन बघून गेले. अक्षरांवरून बोट फिरवलं, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि घरी जाऊन आईला सांगितलं की शेवंतानं दगड वाचला. मी वाचला नव्हता, पण तसं मी बोलले नाही.

गुलाब वैनी त्याच वर्षी लग्न होऊन आली होती. दादाची बायको, न्हावा शेव्याकडच्या मिठागरातल्या माणसाची पोर. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी असेल, पण कामाला वाघीण आणि बोलायला मुकी. तिच्या हातचं निवट्यांचं कालवण खाऊन बाबा बोटं चाटायचे आणि आई मग दिवसभर भांडी आपटायची. निवट्या म्हणजे चिखलातल्या उड्या मारणाऱ्या मासळ्या, त्या पकडायला आम्ही दोघी खाडीत जायचो. मी धावत सुटायची, चिखल उडवायची आणि हात हलवत परत यायची. वैनी गुडघाभर चिखलात एका जागी उभी राहायची आणि टोपली भरायची. ती पाण्याकडे नुसती बघत बसायची, आणि मला त्या बघण्याचा राग यायचा. बघण्यासारखं काय असतं त्यात?

श्रावणातली अमावास्या होती. भात लावून आठच दिवस झाले होते. आमच्याकडे खारजमिनीत राता भात लावत, तांबडा तांदूळ, थोडं खारं पाणी तो सोसतो, पण मूळ धरल्यावर. आदल्या रात्री मामाकडे मयत झाल्याचा निरोप आला आणि आईबाबा पहाटेच चालत निघाले. दादाची पहिली पाळी. बाबा जाताना मला म्हणाले, आज मोठं उधाण, दादाला सुट्टी नाही, गुलाब फळ्या सोडील, तिला जोर आहे. तू खाच बघ. हळदकुंकवापलीकडे बाईनं फळीला हात लावायचा नाही असा गावात रिवाज होता आणि बाबांनी तो असा एका वाक्यात मोडला, कारण त्यांचा सुनेवर विश्वास होता. वैनीनं फळी खांद्यावर घेतली. मी वही घेतली.

अमावास्या-पुनवेला आमच्याकडे भरती भर दुपारी टोकाला जाते, म्हणजे फळ्या सकाळीच सोडायच्या असतात. आम्ही बांधावर बसलो. शेतातलं पाणी खांबांमधून खाडीकडे खळखळत होतं, मग ते खळखळणं मंदावलं, मग थांबलं. वैनी उठून उभी राहिली.

"बाय, पानी थांबला. टाकू फल्या?"

मी दगडाकडे बघितलं. पाणी अजून खाचेच्या खाली होतं, चांगलं वीतभर. मी म्हटलं, अजून लागलं नाही. थोड्या वेळानं पाणी उलटं फिरलं, खाडीकडून आत येऊ लागलं. वैनीनं तळाची फळी उचलली.

"बाय, पानी चरला. माजं आयक. आमच्याकडं असा पानी आला का कोन थांबत नाय."

आणि मी, नववीतली, इतिहासाच्या वहीची मालकीण, तिला म्हणाले, "तुमच्याकडं मिठागर हाय. हिकडं खाच हाय. खाचेला लागल्याबिगर टाकायची नाय, बाबांनी मना सांगितलंय." तिचा हात धरून मी फळी खाली ठेवायला लावली. ती थांबली. सासरच्या पोरीचं ऐकायचं असतं, तेवढ्यासाठी थांबली.

पाणी खाचेला लागलं तेव्हा उघाडीतून आत येणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला होता. वैनीनं तळाची फळी घातली, अंगाचा भार देऊन दाबली. दुसरी कशीबशी बसली. तिसरी पाण्यानं वाकडी केली, खोबणीत अडकली आणि कडाड मोडली. चौथी तिच्या हातातून गेली. मग ती स्वतःच खांबांना दोन्ही हात लावून छातीभर पाण्यात उभी राहिली, आणि मी बोंबलत गावाकडे पळाले. माणसं आली, घमेली आली, पेंढ्याचे भारे आले. पण उधाण उतरेपर्यंत काही थांबलं नाही. संध्याकाळी निम्म्या गावाच्या शेतावर खाडी उभी होती आणि नुकत्याच लावलेल्या रोपांची टोकं तेवढी दिसत होती. पावसानं धुऊन काढलं असतं तर काही वाचलं असतं. नेमका पुढचे दहा दिवस थेंब पडला नाही. रोपं आधी पिवळी झाली, मग तांबूस, आणि मग शेतांवर पांढरी पुटं चढली. त्या वर्षी निम्म्या गावानं विकतचा तांदूळ खाल्ला, आणि राता खाणाऱ्या माणसाला विकतच्या पांढऱ्या भाताची किती लाज वाटते ते आता कुणाला सांगून पटायचं नाही.

आज ते शेत, तो बांध, ती उघाडी, सगळं भरावाखाली आहे. खारघरच्या ज्या रस्त्यावर मी सकाळी चालायला जाते, माझ्या अंदाजानं त्याच्या दुसऱ्या सिग्नलच्या जवळपास कुठंतरी ते खांब असावेत. माझ्याबरोबर चालणाऱ्या बायका साताऱ्याच्या, दादरच्या, एक चिपळूणची. त्यांना मी वेताळाची गोष्ट सांगते, मिठागरांची सांगते. पुढं मी शिक्षिका झाले, जन्मभर इतिहास शिकवला, पोरांना खुणा दाखवत हिंडवलं. उघाडीची गोष्टही सांगते. फक्त शेवटापर्यंत सांगत नाही.

गाव बसलं ते देवळाच्या ओट्यावर, चौथ्या दिवशी. बाबा परत आले होते, मान खाली घालून बसले होते. बायका खांबांच्या मागे. मुद्दा सरळ होता. बाईनं फळीला हात लावला आणि उशीर केला, फळी आता या घरात ठेवायची की नाही. मला तीन रात्री झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी मी बांधावर जाऊन वीत लावून बघितलं होतं आणि मला कळलं होतं. मी उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की दगड आम्ही वर केला, सरांनी आणि मी, एक वीत. वैनी खाचेप्रमाणेच वागली, खाचच चुकीची होती. हे बोलताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे आता लिहायला हरकत नाही. बाबांनी वर बघितलं. ते म्हणाले की दगड वर केलेला त्यांनी स्वतः बघितला होता, हात लावून बघितला होता, आणि त्यांच्या लक्षात आलं नाही, तेव्हा चूक त्यांची. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा गावातले सर्वांत वयस्कर पंच, ज्यांना सगळे नाना म्हणत, शांतपणे म्हणाले, "दगडाला डोले नसतात. बाईला होते ना? मिठागरवाल्याची पोर ती. तिला पानी दिसला नाय?"

सगळ्या माना खांबांकडे वळल्या. वैनी डोक्यावरचा पदर धरून उभी होती. तिनं नानांकडे बघितलं नाही, बाबांकडे नाही, दादाकडेही नाही. माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखाद्या श्वासाएवढं. तिला पाणी दिसलं होतं, दोनदा दिसलं होतं, आणि तिचा हात मी धरला होता, एवढं वाक्य मला उभ्या उभ्या बोलता आलं असतं. मी खाली बसले. तिनंही तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं येऊन फळी घेऊन गेली आणि तिच्या जागी भिंतीवर चुन्याचा उजळ पट्टा राहिला. दिवाळीत आईनं सगळ्या भिंतींना चुना लावला, तो पट्टा तेवढा टाळला. बाबा त्यानंतर पाच पावसाळे जगले. प्रत्येक भरतीला बांधावर जायचे, दुसरा कुणीतरी फळ्या सोडत असताना चार हात दूर उभे राहायचे आणि परत येऊन अंगणात येरझारा घालायचे. सरांची बदली झाली.

गावानं वैनीला शिक्षा वगैरे केली नाही. तिच्यावरून एक म्हण केली. कुणी उशिरा आलं, काही वेळेत झालं नाही की म्हणायचं, ही आली गुलाबची फळी. बस चुकली, गुलाबची फळी. लग्नाचा मुहूर्त टळला, गुलाबची फळी. आई तर घरातल्या घरात दिवसातून दोनदा म्हणायची. दादा चेष्टेनं म्हणायचा, आणि वैनी भाकरी थापत राहायची. गेल्या महिन्यात तिच्या नातवाच्या साखरपुड्याला हॉलवाल्यानं जेवण उशिरा आणलं, तेव्हा तिची नात, जिनं जन्मात उघाडी पाहिलेली नाही, मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "झाली गुलाबची फळी." सगळे हसले. म्हणीतली गुलाब म्हणजे समोर बसलेली आपली आजी, हे त्या पोरीला माहीतही नव्हतं. वैनीही हसली. मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर आठ दिवस मी घरात नुसती फिरत होते. शेवटी हे प्रकरण लिहायला घेतलं, श्रावणातल्या अमावास्येपर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. जिचं आहे तिला न विचारता कसं लिहायचं? रिक्षा करून दादाच्या फ्लॅटवर गेले. दादा हॉलमध्ये टीव्ही बघत होता. वैनी स्वयंपाकघरात खाली बसून सुकट निवडत होती. आता तिचे गुडघे धरतात, तरी तिला खालीच बसायला आवडतं. मी तिच्या समोर बसले आणि मनात जन्मभर घोकलेलं सगळं बोलले. दोनदा तू म्हणालीस, मी तुझा हात धरला, देवळात मी अर्धंच सांगितलं. बोलताना मला रडू आलं. तिनं सुकटीतली एक काडी काढून बाजूला टाकली.

"मना काय सांगतेस, बाय? मी होती ना तिथं."

ती म्हणाली ते इतकं साधं होतं की मला आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतले नाना गेले, आई गेली, बाबा तर कधीच गेले. पण एक माणूस पलीकडच्या खोलीत बसलेला होता. मी उठले, हॉलमध्ये जाऊन दादाला टीव्ही बंद करायला सांगितलं आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, उभ्यानंच, कारण बसले असते तर पुन्हा अर्धंच सांगितलं असतं. दादा ऐकत राहिला. पंचाहत्तरीचा माणूस, ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडत गेला. वैनी पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याचा आवाज मला आईच्या मयतालासुद्धा असा आठवत नाही.

"गुलाब, इतकी वरसं तू बोललीस का नाय?"

वैनीनं पदर नीट केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुमी कवा इचारला?"